आवाज टिपायचा, तर माइक कुठला?

(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)

व्यासपीठावर बसलेले आपले सर आणि बाई, आणि समोर बसलेले, केस पिकले तरी अजूनही मागचेच बाक धरून बसणारे माझ्या वर्गमित्र-मैत्रिणींनो,

जेवणाआधीचं हे शेवटचं भाषण आहे आणि मसालेभाताचा वास इथपर्यंत येतोय, याची मला जाणीव आहे. वीस मिनिटांत संपवते.

आपल्या समितीने एक चांगलं काम हाती घेतलं आहे. आपल्याला शिकवलेल्या सगळ्या निवृत्त शिक्षकांच्या मुलाखती घ्यायच्या, त्यांचं चित्रीकरण करायचं आणि ते जपून ठेवायचं. कॅमेरा आपल्या एका मित्राकडे आहे. मग ग्रुपवर प्रश्न आला, "कॅमेऱ्याच्या डोक्यावर लावतात तो लांबुळका शॉटगन माइक कुठला घ्यायचा? तू इंजिनिअर आहेस, तू सांग." इंजिनिअर म्हटलं की बिघडलेल्या मिक्सरपासून सगळं आपल्याला येतं अशी लोकांची समजूत असते. मी सॉफ्टवेअर लिहिते, मिक्सर मलाही येत नाही. पण गेली वीस वर्षं दिवसाचे सहा-सात तास कानाला हेडफोन लावून दूरदेशीच्या सहकाऱ्यांशी बोलण्यात गेली. खराब आवाज ऐकून माणूस किती थकतो, हे त्यातून नीट कळलं. शिवाय चार-पाच वर्षं घरातल्या मावश्या, आत्या, काका यांना समोर बसवून मी त्यांच्या आठवणी टिपते आहे. त्या अनुभवावर आजचं बोलणं आहे.

तुमच्यापैकी बहुतेकांनी आपल्या दहावीच्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाची ती व्हीएचएस कॅसेट पाहिली असेल. कोणीतरी ती डिजिटल करून ग्रुपवर टाकली. त्यात आपले हिंदीचे सर बोलताना दिसतात. सर आता आपल्यात नाहीत. जवळजवळ सात मिनिटं ते बोलतायत. हात हलतो, चष्मा वर सरकवतात, मध्येच स्वतःशीच हसतात, सगळं दिसतं. ऐकू येतो तो मात्र मांडवातला कल्ला आणि बाहेरचा जनरेटर. कॅमेरा मांडवाच्या मागच्या टोकाला होता आणि माइक कॅमेऱ्यातच होता. चित्रीकरण करणाऱ्याचा त्यात दोष नाही, त्या काळी असंच होत असे. पण त्या सात मिनिटांत सर आपल्याला काय म्हणाले, हे आज कोणालाच सांगता येत नाही.

म्हणून ग्रुपवरच्या प्रश्नाचं माझं उत्तर आधीच सांगून टाकते. माइक जरूर घ्या. पण कुठल्या कंपनीचा, यापेक्षा तो बोलणाऱ्याच्या तोंडापासून किती लांब असणार, हे आधी ठरवा. आणि शक्य असेल तिथे कॅमेऱ्यावरचा माइक कॅमेऱ्यावरून खाली उतरवा.

आता हे असं का, ते सांगते. विज्ञानाच्या सरांसमोर भौतिकशास्त्र सांगायचं धाडस करते आहे, चुकलं तर कान धरा.

शॉटगन माइक म्हणजे बंदुकीच्या नळीसारखी एक नळी. आवाज पकडणारा खरा भाग, म्हणजे कॅप्सूल, नळीच्या मुळाशी असतो. नळीच्या बाजूंना ओळीने खाचा असतात. समोरून येणारा आवाज नळीच्या तोंडातून आत शिरतो, खाचांमधूनही शिरतो, पण नळीच्या आतून आणि बाहेरून तो एकाच वेगाने पुढे सरकत असल्यामुळे सगळा एकदम कॅप्सूलपाशी पोचतो. बाजूने येणाऱ्या आवाजाचं तसं होत नाही. तो सगळ्या खाचांमधून जवळपास एकाच वेळी आत शिरतो, पण प्रत्येक खाचेपासून कॅप्सूलचं अंतर वेगळं, म्हणून मागेपुढे पोचतो. एका लाटेचा चढ दुसरीच्या उतारावर येतो आणि त्या एकमेकींना खोडतात.

आपण पाढे म्हणायचो ते आठवा. सगळा वर्ग एका सुरात म्हणत असला की मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत शब्द न् शब्द पोचायचा. प्रत्येक बाकाने आपापल्या वेळी सुरुवात केली की नुसता गोंगाट. माइकमध्ये त्याच्याही पुढची पायरी होते, गोंगाट पुष्कळसा पुसलाच जातो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, हा माइक दुर्बीण नाही. तो लांबचा आवाज ओढून जवळ आणत नाही. बाजूचे आवाज कमी करतो, एवढंच. आणि बोलणाऱ्याच्या पाठीमागे, त्याच रेषेत रस्ता असेल, तर रस्ताही तितक्याच इमानाने टिपतो.

दुसरी गोष्ट नळीच्या लांबीची. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे ३४०० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी १० सेंटिमीटर, ३४० हर्ट्झची १ मीटर आणि १०० हर्ट्झची जवळजवळ साडेतीन मीटर. खाचांची ही युक्ती ढोबळमानाने नळीपेक्षा आखूड तरंगांवरच चालते. सिनेमावाल्यांचा जुना लाडका माइक आहे, सेनहायझरचा एमकेएच ४१६. तो २५ सेंटिमीटर लांब आहे, तरी पंख्याची घरघर, ट्रकची धडधड असल्या जाड आवाजांना त्याची नळीसुद्धा आखूडच. कॅमेऱ्यावर लावायचे माइक तर याहूनही छोटे असतात. जाड आवाजांच्या बाबतीत आतल्या कॅप्सूलला मुळात जी दिशा असते, तेवढीच कामाला येते.

बाजारात बोटभर लांबीचे माइकही 'शॉटगन' म्हणून विकले जातात. उदाहरणार्थ, रोड कंपनीचा व्हिडिओमायक्रो ८ सेंटिमीटरचा आहे. कंपनी स्वतः त्याची रचना कार्डिऑइड सांगते, म्हणजे पुढचं जास्त ऐकणारा आणि पाठचं कमी ऐकणारा साधा दिशादर्शी माइक. तो वाईट नाही, उलट मला आवडतो. त्याला बॅटरी लागत नाही, वाऱ्यासाठी केसाळ टोपी सोबत मिळते. फक्त त्याच्याकडून लांब नळीची अपेक्षा करू नये.

आता अंतराचं गणित. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज ६ डेसिबलने घटतो. कॅमेरा सरांपासून २ मीटरवर असेल आणि माइक त्याच्याच डोक्यावर असेल, तर तोच माइक खाली काढून सरांपासून अर्ध्या मीटरवर धरला की सरांचा आवाज १२ डेसिबलने वाढतो. पंखा, रस्ता, शेजारचा टीव्ही हे आवाज मात्र जवळपास होते तेवढेच राहतात. माइक तोच, फक्त एक वायर आणि एक स्टँड जास्त. इतका फरक महागडा माइक कॅमेऱ्याच्या डोक्यावर ठेवून मिळत नाही.

आपल्या जागांचाही विचार करू. वर्गखोलीत शहाबादी फरशी, सिमेंटच्या भिंती, समोर फळा. सभागृहाला पत्रे. अशा ठिकाणी बोललेलं भिंतींवर आपटून सगळीकडून परत येतं, समोरूनही येतं. बाजूचं खोडण्याची नळीची युक्ती तिथे लंगडी पडते आणि आवाज डब्यात बोलल्यासारखा होतो. सिनेमाच्या चित्रीकरणातही घुमणाऱ्या खोलीत लांब नळी टाळून आखूड, अरुंद दिशेचा माइक बोलणाऱ्याच्या अगदी जवळ धरण्याची पद्धत आहे. शॉटगन खुलतो तो उघड्यावर. आपल्या मैदानाच्या कडेला झाडाखाली तो आपलं काम चोख करील. फक्त सरांची पाठ शाळेच्या इमारतीकडे असू द्या, एसटीच्या रस्त्याकडे नको.

मागच्या महिन्यात चाचणी म्हणून मी मराठीच्या बाईंच्या घरी गेले होते. ही हकिकत इथे सांगायची परवानगी त्यांनी दिली आहे. बाई ८१ वर्षांच्या आहेत. एक रेकॉर्डिंग कॅमेऱ्यातल्या माइकवर, अडीच मीटरवरून. त्याच वेळी दुसरं, छोट्या माइकवर, अर्ध्या मीटरवरून. बाईंनी त्यांच्या सुनेला माझी ओळख करून दिली. जवळच्या माइकवर स्वच्छ ऐकू येतं, "ही माझी विद्यार्थिनी." लांबच्यावर ऐकू येतं, "ही माजी विद्यार्थिनी."

हसू नका, यात शास्त्र आहे. ज आणि झ यांतला फरक काय, हे बाईंनीच आपल्याला शिकवलं होतं. अल्पप्राण आणि महाप्राण. तोंडासमोर कागदाचा कपटा धरायला लावायच्या. झ म्हटला की कपटा हलायचा. तो जो श्वासाचा झोत आहे, तो फार नाजूक आवाज. लांबच्या माइकवर पहिल्यांदा तो मरतो. त्याच्या पाठोपाठ स आणि श, त आणि थ, वाक्याच्या शेवटी हळू होत गेलेले शब्द. स्वरांना जोर असतो, ते तग धरतात. अर्थ मात्र व्यंजनांवर चालतो. वय वाढलं की आवाज बारीक होतो, श्वास कमी पडतो, म्हणजे हे नाजूक आवाज आधीच कमी झालेले असतात. म्हणून वीस वर्षांच्या मुलीला जो माइक तीन मीटरवरून चालेल, तो ८१ वर्षांच्या बाईंना चालणार नाही.

आता प्रत्यक्ष खरेदीचं. मी पाच गोष्टी बघते, याच क्रमाने.

पहिली, पिन. माइकच्या ३.५ मिलिमीटरच्या पिनेवर दोन काळ्या रेघा असतील तर ती कॅमेऱ्याची, तीन असतील तर मोबाइलची. माइक कॅमेऱ्याचा आणि चित्रीकरण मोबाइलवर असेल तर मध्ये जोडणी लागते. नुसती पिन खोचली की बरेचदा मोबाइल गुपचूप स्वतःचाच माइक वापरत राहतो. हल्लीच्या पुष्कळ मोबाइलना तर ते भोकच नसतं, तिथे यूएसबी-सीची जोडणी लागते. आणि आपल्या कॅमेऱ्याला माइकची खाच आहे ना, हे आधी बघा. काही कॅमेऱ्यांना ती नसतेच.

दुसरी, वीज. काही माइक कॅमेऱ्याकडूनच थोडी वीज घेतात. काहींमध्ये बॅटरी असते. एमकेएच ४१६ सारख्यांना ४८ व्होल्ट लागतात, ते आपल्या छोट्या कॅमेऱ्याकडून मिळत नाहीत. बॅटरीवाल्या माइकचा आवाज सहसा जास्त जोरकस असतो, त्यामुळे कॅमेऱ्याला स्वतःहून तो वाढवावा लागत नाही आणि खरखर कमी होते. मात्र माइक चालू करायला विसरणं, हा बॅटरीवाल्या माइकचा सगळ्यात नेहमीचा आजार.

तिसरी, बटणं. एक बटण जाड आवाज गाळणारं हवं. ७५ किंवा १०० हर्ट्झच्या खालचं कापलं की पंख्याची घरघर बरीच कमी होते आणि माणसाच्या आवाजाला फारसा धक्का लागत नाही. दुसरी सोय, असली तर उत्तम, ती म्हणजे तोच आवाज एका बाजूला थोडा कमी करून टिपणं. पीटीच्या सरांनी मध्येच "सावधान!" म्हटलं आणि मुख्य रेकॉर्डिंग फाटलं, तरी दुसरं शाबूत राहतं.

चौथी, टोपी आणि झुला. घरात साधी स्पंजची टोपी पुरते, मैदानावर केसाळच हवी. आणि माइक रबराच्या किंवा प्लास्टिकच्या झुल्यात बसलेला हवा, नाहीतर स्टँडला बोट लागलं तरी ढब्ब असा आवाज येतो.

पाचवी, हेडफोन. कॅमेऱ्याला हेडफोनची खाच नसेल तर ती असलेला माइक घ्या. सेनहायझरच्या नव्या एमकेई ४०० ला ती आहे. टोपी आणि झुला त्याच्या अंगातच आहेत, आणि कॅमेरा व मोबाइल दोन्हींच्या वायरी सोबत येतात. रोडचा व्हिडिओमाइक एनटीजी आतल्या बॅटरीवर चालतो, कमी आवाजाचं दुसरं रेकॉर्डिंग करण्याची सोय त्यात आहे आणि यूएसबीनेही जोडता येतो. या दोनांपैकी कोणताही आपल्या कामाला पुरेसा आहे. त्याच्यासोबत दोन-तीन मीटरची वाढीव वायर आणि एक हलका स्टँड घ्या. पैसे कमी पडले तर माइक छोटा घ्या, पण वायर आणि स्टँड सोडू नका. आणि नुसतं घरात, खुर्चीत बसवूनच बोलतं करायचं असेल, तर पदराला किंवा कॉलरला लावायचा साधा वायरचा माइक शॉटगनपेक्षा सरस ठरतो. फक्त काठापदराची साडी त्यावर घासली की खसखस येते, तेवढं सांभाळायचं.

मुलाखतीच्या दिवशी माइक सरांच्या डोक्याच्या थोडा वर, चौकटीच्या जरा बाहेर, तिरका खाली छातीकडे रोखलेला ठेवा. कॅमेऱ्याचं आवाज आपोआप कमी-जास्त करणं बंद करा. नाहीतर सर आठवायला थांबले की कॅमेरा आवाज वाढवत नेतो आणि त्या शांततेत खरखर उगवते. शिक्षक बोलता बोलता थांबतात, तिथेच खरं काहीतरी येत असतं. आवाजाचा काटा सगळ्यात मोठ्या शब्दालाही उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं बघा. सुरुवातीला अर्धा मिनिट कोणीही न बोलता नुसती खोली टिपून ठेवा, पुढे खरखर काढायला ती उपयोगी पडते. फ्रिज बंद करणार असाल तर आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे फ्रिज परत चालू केल्याशिवाय घरी जाता येणार नाही.

पंख्याचं मात्र वेगळं सांगते. पुस्तकात लिहिलेलं असतं, पंखा बंद करा. एप्रिलच्या दुपारी ८१ वर्षांच्या माणसाला तासभर पंख्याविना बसवायचं आणि वर "सर, शाळेच्या आठवणी सांगा" म्हणायचं, हे मला जमत नाही. अशा वेळी पंखा एकवर ठेवा, माइक आणखी वीतभर जवळ न्या, गाळणीचं बटण लावा. नाहीतर सकाळी आठला जा आणि पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे करा. थोडी घरघर राहिली तर राहू दे. माणूस मोकळा बोलला नाही, तर स्वच्छ आवाजाचं लोणचं घालायचं आहे का?

आणखी एक. प्रश्न विचारणारा कॅमेऱ्यामागे बसतो, त्याच्याकडे माइकची पाठ असते. म्हणून त्याचा आवाज पुसट येतो. ते चालेल. पण तो मध्ये मध्ये "हं, हो का, बरोबर" करत राहिला, तर ते सगळं सरांच्या वाक्यांवर सांडतं. नुसती मान हलवा.

शेवटी कामाचं बोलते. आपल्या यादीत आज सतरा सर आणि बाई आहेत. पंचाहत्तरीच्या पुढचे नऊ. सुरुवात तिथून करू या, दिवाळीच्या आत. तिघांची एक तुकडी, एक प्रश्न विचारणारा, एक कॅमेऱ्यामागे आणि एक फक्त हेडफोन लावून ऐकणारा. या तिसऱ्याला दुसरं कुठलंही काम देऊ नका. रेकॉर्डिंग झाल्यावर त्याच दिवशी तीन ठिकाणी प्रत ठेवायची, आणि एक प्रत त्या घरी द्यायची. काय ठेवायचं, काय गाळायचं, याचा शब्द शेवटी सरांचा किंवा बाईंचा. चहाच्या टेबलाजवळ वही ठेवली आहे, त्यात आपलं नाव आणि ज्या सरांकडे जायचं त्यांचं नाव लिहा. माइक कसा लावायचा ते जेवणानंतर मी मैदानावर दाखवते, दहा मिनिटांत येईल.

आणि प्रश्न विचारून झाला की गप्प बसा. वर्गात आपल्याला ते कधी जमलं नाही, आता जमवू या.